कुलपाला दोन हिसके

९ मार्च

प्रिय ताई,

प्रभूमध्ये सलाम.

फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू मनानं भरतेस, म्हणून हे पत्र. देवानं आपल्या घरातले सगळे कान माझ्या एकट्याला देऊन टाकले. तेवढ्याच भांडवलावर मी लिफ्टचा मिस्त्री झालो. लोक मीटर लावतात, मी कान लावतो.

बातमी मोठी आहे, चहा बाजूला ठेवून वाच. उंट परत आलाय.

तोच. जुन्या कंपनीत माझ्या जोडीला होता, ताडमाड, मान पुढे काढून चालायचा, म्हणून उंट. आम्ही एका डब्यात जेवायचो. आणि एकोणीस वर्षांपूर्वी मी लिफ्टखालच्या खड्ड्यात असताना यानंच स्विचवरचं माझं कुलूप काढून वीज चालू केली आणि माझा डावा पाय दीड इंच आखूड झाला. मला त्या सकाळचं काहीच आठवत नाही. नाश्ता आठवतो, आणि नंतर थेट तुझा नर्सचा पांढरा गणवेश. बाकी सगळं लोकांनी सांगितलं आणि त्यानं स्वतः लिहून दिलं, 'वाटलं हा वर आलाय, म्हणून माझ्या किल्लीनं कुलूप काढलं.' तेव्हा कंपनीच्या सगळ्या कुलपांना एकच किल्ली चालायची.

मागच्या रविवारी चर्चमध्ये पाळकबाई प्रवचनात म्हणाल्या, जो आपल्यावर उलटून प्रेम करील त्याच्यावर प्रेम करणं सोपं आहे. ज्याला पाहून पोटात गोळा येतो त्याला जवळ घ्या, मग माझ्याशी बोला. मी मान डोलावली आणि मागे वळून पाहतो तर शेवटच्या बाकावर हा! पोटात असा गोळा आला की काय सांगू. बाईंनी जणू माझ्याच पोटाकडे बघून प्रवचन लिहिलं होतं.

दाराशी गाठला. "काय करतोस हल्ली?"

"एका शाळेच्या फाटकावर बसतो, शेठ."

शेठ म्हणाला मला. माझ्या डब्यातलं लोणचं चोरून खाणारा माणूस. मी म्हटलं, "उद्यापासून माझ्याकडे ये." मंडळी बघत होती, आणि खरं सांगतो, तेही जरा बरं वाटलं.

त्याचा परवाना तेव्हाच रद्द झाला, त्यामुळे हत्याराला हात लावता येत नाही. स्विचबोर्डापाशी उभं राहायचं, मागेन ते खाली द्यायचं, एवढंच काम देण्यासारखं होतं. सध्या कापडाच्या गोदामातल्या मालाच्या लिफ्ट करतोय. जुनी धेंडं आहेत, खड्ड्यात लिफ्ट थांबवायचं बटणसुद्धा नाही. मेन स्विच वर, खड्ड्याच्या दाराला लागून. आमची रीत तुला माहीत आहे: खाली उतरणाऱ्यानं स्विचच्या दांड्याला स्वतःचं कुलूप लावायचं, किल्ली स्वतःच्या खिशात. कुलूप आहे म्हणजे खाली माणूस आहे. कुलूप नाही म्हणजे माणूस नाही, खुशाल दांडा ओढा.

तर मी खाली, तो वर, आणि मध्ये एक कुलूप. प्रार्थना कर.

तुझा,
छोटू

१४ मार्च

प्रिय छोटू,

पत्र मिळालं. तीनदा वाचलं.

त्याला काम दिलंस ते चांगलं केलंस. पण बोर्डापाशी कशाला? ऑफिसात बसव, सामान आणायला पाठव, दारावर उभा कर. तुझ्याजवळ नको. मी मोठी आहे म्हणून ऐक, कारण विचारू नकोस.

तो त्या सकाळबद्दल काही बोलला का? बोलला तर काय बोलला ते जसंच्या तसं कळव, तुझा मसाला न घालता.

आणि तुझं कुलूप तू स्वतः लावतोस ना? रोज? हसू नकोस, उत्तर दे.

सूनबाई माझी गुडघेदुखी ऐकून ऐकून स्वतःच लंगडायला लागली आहे. बाकी ठीक.

तुझी,
ताई

२७ मार्च

प्रिय ताई,

तू घाबरलीस हे अक्षरावरून कळलं. पण मी कुलूप विसरेन? एक वेळ स्वतःचं नाव विसरेन. बत्तीस वर्षांच्या कामात विसरलो नाही, एवढंच तर माझं कौतुक आहे. विसरायची गरजही नाही म्हणा, काढणारा होता ना.

मसाला न घालता सांगतो, तो काहीच बोलत नाही. सकाळी "सलाम, शेठ", संध्याकाळी "येतो, शेठ". मधे पाना मागितला तर पाना, चिंधी मागितली तर चिंधी.

पण ताई, एक गोष्ट मी हिलाही अर्धीच सांगितली.

खड्डा पाच फुटांचा. खाली तेलाचा चिखल, उंदरांचे संसार, आणि डोक्यावर तीन टनांची केबिन. बॅटरी मारली की तिचं पोट दिसतं. मी आयुष्यभर त्या पोटाखाली शीळ घालत काम केलं. आता शीळ येत नाही, ओठ सुकतात. स्विचपासून एक लोखंडी नळी भिंतीवरून खाली खड्ड्यात येते. वर कुलूप नुसतं हललं तरी नळी बोलते. पहिल्याच दिवशी मी उतरलो, पाना हातात घेतला आणि नळीतून आवाज आला. खट. थोडं थांबून, खट.

कुणीतरी माझं कुलूप ओढून बघत होतं. उघडतंय का ते.

मी वर कसा आलो मला माहीत नाही, आखूड पायानं मी मांजरासारखा चढलो असेन. कुलूप जागच्या जागी. हा पाठीमागे हात बांधून उभा.

"काय करत होतास?"

"काही नाही, शेठ."

"कुलपाला हात लावलास?"

त्यानं खाली बघितलं. "घाला हवं तर अजून एक," म्हणाला.

तेव्हापासून रोज. मी उतरलो की दोन हिसके. नेमके दोन. मी खाली अंग चोरून बसतो, घामानं बनियन चिकटतं. प्रभूचं नाव घेतो खरं, पण ती प्रार्थना नव्हे, ते आकडे मोजणं असतं, आता केबिन येते की मग येते. हिला सांगितलं तर म्हणाली, "प्रेम करायचंय तर जेवायला बोलवा. खड्ड्याच्या तोंडाशी प्रेम करायला कुणी सांगितलंय?"

त्याला कामावरून काढावं तर चर्चच्या मंडळीत काय तोंड दाखवू? गेल्याच रविवारी मी सगळ्यांसमोर उभा राहून साक्ष दिली: ज्यानं माझा पाय मोडला त्याला मी भाकर दिली, प्रभूनं मला क्षमा करायला शिकवलं. आयाबायांनी डोळे पुसले. तो शेवटच्या बाकावर होता. मान खाली घालून ऐकत होता.

आज दुसरं कुलूप विकत आणलं. भारी आहे, किल्ली दोनदा फिरवावी लागते. उद्यापासून दोन लावणार.

तुझा,
छोटू

२ एप्रिल

प्रिय छोटू,

पुन्हा साक्ष देऊ नकोस. हात जोडते. पाळकबाईंनी आग्रह केला तरी घसा बसलाय म्हण.

तो हिसके तू उतरायच्या आधी देतो की उतरल्यावर? तू लिहिलंस उतरल्यावर. मला ते वाचून पदर तोंडाला लावून बसावं लागलं. सूनबाईनं विचारलं काय झालं, मी म्हटलं डोळ्यात काही गेलं.

दुसरं कुलूप नको. एकाची सवय आहे, एकच लाव. हाताला जे वळण पडलंय ते मोडू नये. मी वॉर्डात तीस वर्षं हेच बघितलं, नवीन ट्रे आला की जुनी नर्स चुकते.

तुझ्याशी बोलायचंय, पण कागदावर ते येत नाही. चार वेळा कागद घेतला. मी फार भित्री बाई आहे छोटू, तुम्हाला कुणाला माहीत नाही.

ताई

१६ एप्रिल

प्रिय ताई,

घाईत लिहितोय, अक्षर लावून घे.

परवा मंगळवारी तिसऱ्या लिफ्टचं काम होतं. सकाळीच गोदामाचा मॅनेजर बोर्डापाशी येऊन डोकं खात उभा. आधी नवीन लावावं म्हणून मी जुनं कुलूप डाव्या खिशात टाकलं, नवीन उजव्या हातात, तेवढ्यात त्यानं कागदावर सही मागितली. सहीसाठी नवीन उजव्या खिशात टाकलं. सही केली, त्याच्या नावानं दोन शब्द मनात म्हटले आणि उतरलो.

खाली बसलो. हिसक्यांची वाट बघत होतो. माणूस फाशीची वाट बघतो तशी. आले नाहीत. नळी गप्प. मला वाटलं, आज याचं ठरलं. आज हा हिसका देत नाही, आज हा उघडतोय.

आणि वरून ओरडणं ऐकू आलं. एकोणीस वर्षांत न ऐकलेला आवाज. "भावा! वर ये! वर ये आधी!"

शेठ नाही. भावा.

वर आलो तर हा बोर्डाला पाठ लावून, दोन्ही हात पसरून उभा, जणू मागून वाघ येणार आहे. मॅनेजर समोर तोंड उघडं टाकून. त्याला लिफ्ट वापरायची घाई होती, तो दांड्याला हात घालायला गेला होता, यानं त्याला ढकललं होतं. दांडा उघडा. कुलूप नाही.

मी खिसे चाचपले. डाव्यात एक, उजव्यात एक.

मला म्हणाला, "परत विसरलास." एवढंच. आणि खाली बसला, गुडघ्यांत डोकं घालून, एवढा मोठा माणूस.

त्या दिवसाचं काम बंद केलं. त्याला घरी सोडलं. पण ताई, माझ्या कानांनी तो एक शब्द धरून ठेवलाय. मी आजपर्यंत कुलूप कधीच विसरलो नव्हतो. मग 'परत' कशाला म्हणाला?

तुला माहीत आहे. कसं ते मला कळत नाही, पण तुझी दोन्ही पत्रं मी पुन्हा काढून वाचली आणि मला माझ्या खड्ड्यापेक्षा तुझ्या पत्रांची भीती वाटली. लिही.

छोटू

४ मे

ताई,

अठरा दिवस झाले. मी त्याला विचारलं. तो म्हणतो, "घाईत तोंडातून गेलं, शेठ." पुन्हा शेठ झालो. रोज उतरतो, रोज दोन हिसके येतात, आणि मला आता कळत नाही मी नक्की कशाला घाबरतोय.

जे असेल ते लिही. मी आता लहान नाही. तुझ्यासाठी असेन, पण नाही.

छोटू

११ मे

प्रिय छोटू,

बसून वाच. कुणी जवळ असेल तर बरं.

त्या सकाळी तुला आणलं तेव्हा अपघाताच्या वॉर्डात मीच होते. तुझी पँट मी कात्रीनं कापली. उजव्या खिशात कुलूप होतं. किल्ली कुलपातच. तू ते लावलंच नव्हतंस. लेक तीन महिन्यांची होती, रात्रभर तिच्यापायी जागा होतास, तसाच कामावर गेला होतास. त्यानं दांड्याकडे बघितलं, कुलूप नाही, म्हणजे खाली माणूस नाही. तुमच्या रीतीप्रमाणे त्यानं दांडा ओढला. त्याची काही चूक नव्हती.

संध्याकाळी तो व्हरांड्यात आला. हातावर तुझं रक्त तसंच वाळलेलं. मी त्याला कुलूप दाखवलं. मला वाटलं, हा आता ते हिसकावून साहेबांकडे पळेल. मी असते तर पळाले असते. तो म्हणाला, "ताई, हे ठेवून द्या. मी लिहून दिलंय, मी काढलं म्हणून."

मी म्हटलं, "अरे, का?"

"त्याचा पाय राहतोय की नाही देव जाणे. हे कळलं तर परवानाही जाईल. मग तो उठून बसेल कशासाठी? लेक आहे, बायको आहे. माझ्यामागे कोण आहे?" आणि मग म्हणाला, "हात तर माझाच होता ना दांड्यावर."

मी त्याला नको म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. मी कुलूप पदराखाली घेतलं. माझा भाऊ होता आत, बेशुद्ध.

तू काठी टाकलीस की सांगायचं असं ठरवलं होतं. तू काठी टाकलीस. मग स्वतःचा धंदा काढलास, म्हटलं जरा पाय रोवू दे. मग लेकीची दहावी. मग भीती बदलली. आधी वाटायचं तू मोडशील, नंतर वाटायला लागलं तू माझं तोंड बघणार नाहीस. मी देवाला सांगत आले की मी प्रेमापोटी गप्प आहे. त्याला पटलं नसावं, कारण एकोणीस वर्षांत मला धड झोप लागली नाही. प्रेम त्यानं केलं. मी नुसती भ्याले.

तो तुझं कुलूप उघडतंय का ते बघत नाही रे. ते आहे का, बघतो. तू खाली गेलास की बघतो, कारण 'कुलूप नाही म्हणजे माणूस नाही' यावर एकदा त्यानं विश्वास ठेवला होता.

शिवणाच्या डब्यातून काढून कुलूप सोबत पाठवतेय. गंजलंय. आता तू काय म्हणशील ते म्हण.

ताई

२९ मे

प्रिय ताई,

प्रभूमध्ये सलाम.

पहिले तीन दिवस तुझा राग केला. भांडी आपटली, ती माझी नव्हती म्हणून हिनं मला आपटलं. चौथ्या दिवशी माझी साक्ष आठवली. 'ज्यानं माझा पाय मोडला त्याला मी भाकर दिली.' तो मागच्या बाकावर बसून हे ऐकत होता. ताई, त्या आठवणीनं माझे कान तापले ते अजून निवले नाहीत. तुझ्यावर रागवायला मग जागाच उरली नाही.

त्याच्या खोलीवर गेलो. एक खाट, एक खुर्ची, खिळ्याला एकच सदरा. कुलूप खाटेवर ठेवलं. त्यानं ते उचलून उलटसुलट करून बघितलं.

"ताईंनी शब्द मोडला."

"मोडला."

"बरं केलं. बाई किती वर्षं ओझं वाहणार."

मी विचारलं, "मी साक्ष देत होतो तेव्हा उठून का गेला नाहीस?"

"छान बोलत होतास," म्हणाला. "मध्येच कशाला उठायचं?"

मला हसू आलं आणि ते रडणंच निघालं. त्यानं खुर्ची मला दिली, स्वतः उभा. मी सांगितलं, परवाना कार्यालयाला खरं काय झालं ते लिहून देणार. तो एकदम घाबरला, त्या दिवशी बोर्डापाशी होता तेवढा.

"नको. तुझा परवाना जाईल. मग मी केलं ते कशाला?"

"तुझा परत मिळेल."

"मी उसनं दिलं नव्हतं, भावा."

मी म्हटलं, "तू दिलंस ते मला न विचारता दिलंस. मी ते एकोणीस वर्षं ठेवलं, वापरलं, त्यावर उड्या मारल्या. आता मी देतोय. तूही गप्प ठेवून घे."

अर्ज टाकला. चौकशीला माणूस येणार आहे. बत्तीस वर्षांचं काम एका सहीत जाऊ शकतं. रविवारी मंडळीसमोर उभा राहिलो, तेव्हा बाकाला धरून उभा होतो. सगळं सांगितलं, दोन्ही खिशांपर्यंत. यावेळी कुणी डोळे पुसले नाहीत. इतकी शांतता होती की मला पंख्याच्या बेअरिंगचा दोष ऐकू आला. पाळकबाई उठल्या आणि शेवटच्या बाकावर त्याच्या शेजारी जाऊन बसल्या.

ही म्हणाली, "परवाना गेला तर दोघं मिळून शाळेच्या फाटकावर बसा. एक या बाजूला, एक त्या."

चौकशी होईपर्यंत काम चालू ठेवता येतं. काल चौथ्या लिफ्टखाली उतरलो. तुझं गंजकं कुलूप तेल घालून चालू केलंय, तेच लावलं. एकच. किल्ली खिशात टाकली, खिसा वरून दाबून बघितला, आणि खाली गेलो.

खोटं कशाला बोलू, भीती गेलेली नाही. केबिनचं पोट तसंच होतं. ओठ सुकलेच. चौकशीची भीती, त्या पोटाची भीती, आणि सगळ्यात मोठी भीती स्वतःच्या हाताची, जो एकदा विसरला आणि मग दुसऱ्यांदाही. पाना उचलला, पण नटाला लावला नाही. अंधारात बसून राहिलो, कान नळीकडे. वर पावलं वाजली. थांबली.

खट.

खट.

मग मी कामाला लागलो.

आता सुट्टीत निघून ये. तुझ्यावर रागावलेला भाऊ स्टेशनवर उभा असेल, आणि त्याच्या डोक्यावरून दिसणारा तो दुसरा. तुला खड्ड्यात उतरवतो, गुडघ्यांचं आम्ही दोघं बघू. तुला तो आवाज ऐकू येणार नाही, पण नळीला हात लावून बस. हाताला कळतो.

तुझा,
छोटू